उशिरा आलेला सिनेमा

भारतीय सिनेमाचा नकाशा काढायला बसलेला माणूस मुंबई, कोल्हापूर, पुणे, कोलकाता, मद्रास ही नावं आधी लिहितो. भुसावळ लिहीत नाही. खरं तर वऱ्हाड-मध्यप्रांत, मध्य भारत आणि राजस्थान एवढ्या मोठ्या मुलखातल्या वितरकांची आणि टॉकीजवाल्यांची संघटना, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन, हिचं ठाणं भुसावळात. कारण रेल्वेच्या वेळापत्रकात सापडतं. मुंबईहून आलेली लाइन इथे फुटते. एक फाटा अकोला-नागपूरकडे जातो, दुसरा खंडव्यावरून इटारसीकडे. सुरतेहून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत तापीच्या खोऱ्यातून येणारी लाइनही याच टापूत मिळते. रिळांच्या पत्र्याच्या पेट्या गाडीने यायच्या आणि गाडीनेच पुढे जायच्या. त्यामुळे जिथे गाड्या बदलतात तिथे पिक्चरचे सौदेही झाले.

पण सौदा इथे झाला म्हणून पिक्चर इथे लवकर लागला असं मात्र नाही. नव्या पिक्चरच्या प्रिंटा मोजक्या आणि त्या मोठ्या शहरांत गुंतलेल्या. तिथला जोर ओसरला की प्रिंट जिल्ह्याला यायची, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून जत्रेतल्या तंबूत. पारोळ्याला किंवा शिंदखेड्याला पोचेपर्यंत तिच्यावर उभ्या रेघा उमटलेल्या असत, जागोजागी सांधे पडलेले असत, एखाद्या गाण्याचं कडवंच गायब झालेलं असे. खान्देशात सिनेमा आला तो असा, जुना होऊन. आणि एकदाच आला नाही. मॅटिनीला आला, सणाला आला, दुसरा नवा पिक्चर वेळेवर मिळाला नाही म्हणून आला. प्रत्येक खेपेला पुन्हा पाहिला गेला.

जुन्या सिनेमाचं प्रेम म्हणजे सरल्या काळाची हळहळ, असं समीकरण शहरी लेखनाने रुजवलं आहे. जळगाव-धुळ्याच्या रसिकांनी लिहिलेल्या लेखांचा हा संग्रह वाचताना ते समीकरण टिकत नाही. इथल्या माणसाने ‘मदर इंडिया’ (१९५७) किंवा ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) पहिल्यांदा पाहिला तेव्हाच तो जुना होता. जाहिरातींचा गलबला संपलेला, वर्तमानपत्री परीक्षणं रद्दीत गेलेली. समोर उरायचा फक्त पिक्चर. तो आवडला तर पुन्हा मागवायचा, नाही तर विसरायचा. आणि ही मागणी ऐकली जायची, कारण जुना पिक्चर टॉकीजवाल्याला ठरावीक भाड्याने मिळे. भाडं सुटलं की वरची कमाई त्याची. त्यामुळे प्रेक्षक काय मागतो याकडे त्याचं वितरकापेक्षा बारीक लक्ष असे. आज आपण ज्यांना अभिजात म्हणतो त्यांतले कितीतरी चित्रपट अशा दुसऱ्या-तिसऱ्या मागणीवर तगून राहिले आहेत. खान्देशच्या रसिकाने सिनेमे फारसे बनवले नसतील, पण कोणते टिकावेत हे ठरवण्यात त्याने हात घातलेला आहे. या संग्रहाचा मूळ मुद्दा हाच आहे.

विषयाशी नवी ओळख होणाऱ्या वाचकासाठी थोडं मागे जाऊ. खान्देशच्या रसिकतेची मुळं सिनेमाच्याही आधीची. नारायण राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, यांनी लहानपणी गाण्याचे धडे घेतले ते जळगावात, मेहबूब खाँ यांच्याकडे. हा अभिमान जळगावने अजून सोडलेला नाही. शहरातलं खुलं नाट्यगृह त्यांच्याच नावाचं आहे. नटाला आपलं मानायचं, त्याच्या जागा लक्षात ठेवायच्या, त्याच्यासाठी शेजाऱ्याशी भांडायचं, हे सगळं आधी संगीत नाटकाने शिकवलं. बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त (१९३५) एकनाथ म्हणून पडद्यावर आले, तेव्हा रंगभूमीचा चाहता त्यांच्यामागून चित्रपटगृहात शिरला. त्याआधी दादासाहेब फाळक्यांनी शेजारच्या नाशकात बसून मूकपट काढले होते. १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपट सुरू झाला आणि ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) या संतपटांनी तो वारकऱ्यांच्या घरात नेऊन पोचवला. मुक्ताईचं स्थान ज्या तालुक्यात आहे, तिथे ज्ञानेश्वरांच्या भावंडांचा चित्रपट कोणत्या नजरेने पाहिला गेला असेल, हे वेगळं सांगायला नको.

चित्रपटगृहं वाढली ती कापसामुळे. जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, त्यांच्या पाळ्या आणि पगाराचे दिवस यांवर टॉकीजचा गल्ला हलत असे. भुसावळला रेल्वेचे कामगार होते, वेगवेगळ्या प्रांतांतून आलेले; त्यामुळे तिथल्या पडद्याला भाषांची सवय लवकर झाली. खेड्यांत सिनेमा यायचा तो यात्रेबरोबर. सारंगखेड्याला दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते. अशा यात्रांच्या हंगामात तमाशाच्या कनातीशेजारी टुरिंग टॉकीजचा तंबू उभा राहायचा. बायकांची बाजू वेगळी, पुरुषांची वेगळी, मध्ये कापड. महाराष्ट्रातल्या या फिरत्या सिनेमाची अखेरची वर्षं शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात टिपली आणि २०१६ साली तो कान महोत्सवात पोचला. तंबूतला प्रेक्षक काय पाहत होता आणि कशाला दाद देत होता, हे मात्र त्या प्रेक्षकाकडूनच कळायला हवं.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत खान्देशचं आणि पडद्याचं नातं आणखी जवळचं झालं. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी १९५१च्या डिसेंबरात गेल्या. पुढच्याच वर्षी ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली ती आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. त्याच अत्र्यांनी १९५३ साली ‘श्यामची आई’ पडद्यावर आणला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचं पहिलंवहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळालं. गोष्ट कोकणातली, पण लिहिणारे साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातले मास्तर. वनमालाबाईंची आई आणि माधव वझ्यांचा श्याम पाहताना इथल्या लोकांना आपल्या गुरुजींची आठवण आली नाही असं होणं शक्य नव्हतं. गुरुजींनी स्वतः तो पाहिला नाही. ते १९५० सालीच गेले होते. पुढे अनंत मान्यांच्या ‘मानिनी’त (१९६१) बहिणाबाईंच्या ओव्या आल्या. जी ओवी खान्देशातल्या घरोट्यावर जन्मली ती सबंध महाराष्ट्राने टॉकीजमध्ये ऐकली.

त्यानंतरचा प्रवास महाराष्ट्रभर झाला तसाच इथेही झाला, म्हणून झपाट्याने सांगतो. ‘सांगत्ये ऐका’पासूनचे (१९५९) तमाशापट, ‘सोंगाड्या’पासूनचे (१९७१) दादा कोंडके, ‘शोले’ आणि ‘जय संतोषी माँ’ एकाच वर्षी, १९७५ला. मग रंगीत दूरदर्शन, व्हिडिओ, केबल. आमच्याकडे हिंदी आणि मराठी यांच्यात कुंपण कधीच नव्हतं. अहिराणी बोलणारा माणूस उर्दू संवाद पाठ म्हणायचा आणि कव्वालीला मान डोलवायचा. मध्य प्रदेश आणि गुजरातची हद्द जवळ, मालेगाव-धुळ्यात हातमाग-यंत्रमागाच्या निमित्ताने आलेली उर्दूभाषक वस्ती, या सगळ्यांनी हा कान घडवला.

या रसिकांत घराणी आहेत. संग्रह वाचताना ती ध्यानात घेतली तर लेखकांची आपसातली भांडणंही नीट समजतील.

पहिलं घराणं कानसेनांचं. यांचा सिनेमा रेडिओतून आला. १९५२ साली रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, १९५७ साली विविध भारती, पुढे जळगावचं आकाशवाणी केंद्र. यांतल्या अनेकांनी गाणं आधी ऐकलं आणि पिक्चर कितीतरी वर्षांनी पाहिला. काहींनी तो कधीच पाहिला नाही. त्यांच्या लेखी चित्रपटाचा कर्ता म्हणजे संगीतकार. नौशाद, सी. रामचंद्र, मदनमोहन, वसंत पवार यांच्या नावाने ते वर्षं ओळखतात.

दुसरं घराणं नटाच्या भक्तांचं. दिलीप, राज, देव या तिघांत एक निवडावाच लागे आणि निवडलेला बदलता येत नसे. पण या घराण्यातही खोल पाहणारे आहेत. येवल्यात जन्मलेल्या ललिता पवारांवर प्रेम करणाऱ्यांचं पाहा. १९४२ साली चित्रीकरणात बसलेल्या थपडेने त्यांचा डोळा अधू झाला, नायिकेचं काम संपलं. त्यांनी चरित्र भूमिकांत पुन्हा सुरुवात केली आणि त्याच अधू डोळ्याने खाष्ट सासू उभी केली. ‘अनाडी’तली (१९५९) मायाळू मिसेस डिसाही त्याच चेहऱ्याने साकारली. अशा नटीचा चाहता रूपावर भाळलेला नसतो. कारागिरी कशी पाहावी हे तो आपल्याला शिकवतो.

तिसरं घराणं घरातल्या बायकांचं. हे सर्वांत मोठं आणि लिखाणात सर्वांत कमी दिसणारं. सणावाराला, दुपारच्या खेळाला, जावा-नणंदांबरोबर पाहिलेले पिक्चर. सुलोचनाबाई आणि जयश्री गडकर यांच्याशी जोडलेलं नातं. चित्रपटातल्या सासुरवाशिणीवरून आपल्याच घराबद्दल केलेलं बोलणं. रडू येणं ही इथे समीक्षाच आहे. कोणत्या जागी रडू आलं हे त्या नेमकं सांगतात आणि ती जागा बहुधा दिग्दर्शकाने कष्टाने बांधलेली असते.

चौथं घराणं जमवणाऱ्यांचं. गाण्यांच्या चोपड्या, तबकड्या, लॉबीत लावायचे फोटो, तिकिटांचे अर्धे तुकडे, ‘रसरंग’चे जुने अंक. नाशिकच्या ‘गावकरी’चं हे साप्ताहिक उत्तर महाराष्ट्रात किती घरांत वाचलं जाई हे त्या अंकांच्या झिजलेल्या घड्यांवरून कळतं. संग्राहकाला लोक हसतात, पण तारखेचा वाद निघाला की त्याच्याच दारात जातात.

पाचवं घराणं पाहून न थांबता करून पाहणाऱ्यांचं, आणि त्याचं पीठ मालेगावात. मालेगाव जिल्ह्याने नाशिकचं, पण धुळ्याच्या वाटेवरचं. यंत्रमागांच्या या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी चॅप्लिन आणि बस्टर कीटन यांची करामत पाहून पाहून आत्मसात केली आणि २००० साली गावातल्याच माणसांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला. फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) हा माहितीपट त्यांच्या पुढच्या खटाटोपावर आहे, आणि रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२५ साली चित्रपटगृहांत आला. जुन्या सिनेमाचं विडंबन करायला तो तोंडपाठ असावा लागतो. मालेगावच्या विनोदात ‘शोले’वरचं प्रेम आहेच, शिवाय प्रत्येक चौकटीचा अभ्यासही आहे.

सहावं घराणं चिकित्सकांचं, संख्येने लहान. सत्यजित राय यांनी १९४७ साली मित्रांसह कलकत्ता फिल्म सोसायटी काढली, मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ उभं राहिलं. त्या चळवळीचा वारा खान्देशात महाविद्यालयांतून आणि पुस्तकांतून आला. अरुण खोपकरांचं ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ वाचून ‘प्यासा’ पुन्हा पाहिला, असं सांगणारे लेखक या संग्रहात भेटतील.

ही सगळी घराणी ज्या एका चित्रपटापाशी एकत्र येतात तो म्हणजे ‘जैत रे जैत’ (१९७७). गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, कथा कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरांची. वरवर पाहता खान्देशाशी संबंध शून्य. पण नायिका स्मिता पाटील शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची मुलगी. गीतकार ना. धों. महानोर अजिंठ्याच्या डोंगराखालच्या पळसखेड्याचे. शेंदुर्णीला आणि जळगावात शिकलेले. निर्मिती उषा मंगेशकरांची, संगीत हृदयनाथांचं, आवाज लताबाईंचा. आणि या मंगेशकर भावंडांचं आजोळ थाळनेर, शिरपूर तालुक्यातलं, तापीच्या काठावरचं. एवढे धागे एका जागी आल्यावर इथल्या रसिकाने हा चित्रपट आपलाच मानला, तर त्याला भाबडेपणा म्हणता येत नाही. स्मिताबद्दलच्या लेखांत हा हक्क अधिकच दिसतो. ‘भूमिका’, ‘मंथन’, ‘उंबरठा’, ‘चक्र’ अशी कामं करून ती १३ डिसेंबर १९८६ रोजी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेली. शिरपूरकडची माणसं तिच्याविषयी लिहितात तेव्हा नटीपेक्षा घरातल्या लेकीचा सूर लागतो. त्यामुळे त्या लेखांना ओलावा येतो आणि तिच्या अभिनयाची चिकित्सा मागे पडते. दोन्ही गोष्टी वाचकाने लक्षात ठेवाव्यात.

मराठीत सिनेमाविषयीचं लेखन कमी नाही. इसाक मुजावरांनी इतिहास जमवला, शिरीष कणेकरांनी ‘गाये चला जा’सारख्या पुस्तकांतून चाहत्याच्या आवेशाला साहित्याचा दर्जा दिला. हंसा वाडकर, लीला चिटणीस, दुर्गा खोटे, शांताराम यांनी आपापल्या कहाण्या सांगितल्या. पण हे सगळं पडद्याच्या त्या बाजूचं, नाही तर मुंबई-पुण्याच्या खुर्चीतलं. तालुक्याच्या गावी पुढच्या बाकावर बसून पाहिलेल्या सिनेमाचा इतिहास लिहिला गेला नाही. ती नोंद आत्ताच का हवी, याला तीन कारणं आहेत.

एक, सिनेमा नाशवंत आहे. या देशात १३००हून अधिक मूकपट बनले. त्यांतले तीसही पुरते उरलेले नाहीत. पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१), त्याची एकही प्रिंट हाती नाही. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झालं आणि पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून डबे गोळा केले, तोवर पुष्कळ काही गेलं होतं. जिथे प्रिंट उरली नाही तिथे चोपडी, जाहिरात आणि पाहिलेल्याची आठवण एवढेच पुरावे.

दोन, पाहण्याची जागाच बदलली. उपग्रहावरून थेट प्रक्षेपण सुरू झालं तसं रिळांच्या पेट्यांचं काम संपलं आणि भुसावळच्या फलाटाचा सिनेमाशी असलेला संबंधही. एकपडदा टॉकीज एकेक करून बंद पडल्या. धुळ्यात मनोहर टॉकीज, जळगावात राजकमल टॉकीज ही नावं रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आजही पुरतात. तिथे काय पाहिलं हे सांगणारी पिढी मात्र सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. कार्बनच्या कांड्या पेटवून प्रोजेक्टर चालवलेले ऑपरेटर, बॅटरी दाखवणारे डोअरकीपर, टांग्यातून पुकारा करणारे, यांचं ज्ञान कुठल्याच पुस्तकात नाही.

तीन, आणि हे आशेचं कारण आहे, जुना सिनेमा पुन्हा पडद्यावर येतो आहे. पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून बनवलेला ‘मंथन’ (१९७६) फिल्म हेरिटेज फाउंडेशनने दुरुस्त केला, २०२४ साली तो कानमध्ये दाखवला गेला आणि पाठोपाठ देशातल्या चित्रपटगृहांत लागला. पण दुरुस्ती महाग असते. हजारो चित्रपटांतून आधी कोणते निवडायचे? महानगरांतल्या जाणकारांनी केलेल्या याद्यांत ज्या मराठी पटांची नावं नाहीत, त्यांवर इकडच्या तालुक्यांनी तीन-तीनदा गर्दी केलेली आहे. ती साक्ष कागदावर नसेल तर निवड करणाऱ्याला ती ऐकू येणार नाही. हव्या त्या क्षणी हवा तो पिक्चर मोबाइलवर मिळण्याच्या काळात तर मागणीचा आवाज आणखी क्षीण झाला आहे. पूर्वी मागितल्याशिवाय पिक्चर येत नसे. आता सगळंच समोर आहे असं वाटतं, आणि जे नाही त्याची उणीव कोणाला भासत नाही.

या संग्रहाने काय करायचं ठरवलं ते यातून स्पष्ट होईल. शिक्षक, रेल्वेतून निवृत्त झालेले, शेतकरी, गृहिणी, दुकानदार अशा माणसांना लिहायला, नाही तर बोलायला सांगितलं. बोललेलं उतरवून घेतलं. अहिराणी आणि तावडी वळणं जिथे आली तिथे ती तशीच ठेवली. प्रत्येकाला एकच विनंती होती: पिक्चरची गोष्ट सांगू नका, ती सर्वांना ठाऊक आहे, तुम्ही तो कुठे, कोणाबरोबर, कितव्यांदा पाहिला आणि त्यानंतर काय बदललं ते सांगा. त्यामुळे इथे एकाच चित्रपटावर दोन-तीन लेख आढळतील आणि ते एकमेकांशी जुळणार नाहीत. चित्रपटाचं साल, कलावंतांची नावं या गोष्टी तपासून दुरुस्त केल्या आहेत. आठवणीला मात्र हात लावलेला नाही. ‘शोले’ आपल्या गावी दिवाळीत लागला होता असं एक जण सांगतो आणि दुसरा होळीत म्हणतो, तेव्हा दोघांच्याही बाबतीत तो पिक्चर सणासारखा आला एवढं आपल्याला कळतं.

उणिवाही सांगायला हव्यात. चाहत्याचं लेखन उदार असतं. आवडत्या नटाचे पडलेले पिक्चर ते गाळतं. टॉकीजच्या अंधारात सगळे सारखे होते असं अनेकांना वाटतं, पण तिकिटाचे वर्ग होते, बसायच्या जागा ठरलेल्या होत्या, आणि कित्येक घरांतल्या मुलींना दारापर्यंतही जायची मुभा नव्हती. ज्यांना पाहता आलं नाही त्यांचे लेख इथे थोडे आहेत, व्हायला हवे होते तेवढे नाहीत. सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा-भिल्ल वस्त्यांतला प्रेक्षकही या पानांत जवळपास नाही. नंदुरबार १९९८ साली वेगळा जिल्हा झाला म्हणून तो सुटला असं कारण देता येईल, पण ते पुरेसं नाही. तिकडचं काम स्वतंत्रपणे आणि तिथल्याच माणसांनी करायला हवं.

हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. आपला नट, आपलं गाणं किंवा आपलं गाव शोधून तिथून सुरुवात करावी. वाचताना हातात पेन्सिल असावी. आपल्या टॉकीजचं नाव राहिलं असेल तर समासात लिहावं, साल चुकलं वाटलं तर खोडून बरोबर घालावं, आणि घरात सत्तरीपुढचं कोणी असेल तर त्यांना एखादं पान मोठ्याने वाचून दाखवावं. ते जे म्हणतील ते उतरवून आमच्याकडे पाठवावं. दुसऱ्या आवृत्तीचा मजकूर तिथूनच यायचा आहे.